प्रवराकाठचा वारसा आणि पाहण्याची दृष्टी : एक चिकित्सक वाचन

सारांश

ग्रामीण भागातील वारसास्थळे केवळ जमिनीवर नसतात. ती लेखनातही असतात. एखाद्या स्थळाविषयी काय लिहिले गेले, कोणत्या भाषेत व कोणासाठी लिहिले गेले, यावर ते स्थळ कसे पाहिले जाणार हे पुष्कळ अंशी ठरते. प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरा नदीच्या खोऱ्याविषयीच्या चार लेखनप्रकारांचा, म्हणजे गॅझेटियर, उत्खनन अहवाल, ललित निबंध व पर्यटन माहितीपत्रक यांचा तुलनात्मक विचार केला आहे. इंग्लंडमधील ग्रामीण वारसा आणि त्यावर तेथील विचारवंतांनी केलेली टीका यांचा संदर्भ तुलनेसाठी घेतला आहे.

बीजशब्द : ग्रामीण वारसा, पर्यटन, दायमाबाद, नेवासे, हरेगाव, पैस, गॅझेटियर.

प्रस्तावना

श्रीरामपूर हे शहर तसे नवे आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील येथील स्थानकाचे नाव आजही ‘बेलापूर’ असेच आहे. शहर वाढले ते कालव्याच्या पाण्यावर, उसावर आणि बाजारपेठेवर. त्यामुळे ‘आमच्याकडे जुने असे काही नाही’ ही समजूत येथे सार्वत्रिक आहे. ‘माझ्या परिसरातील वारसा’ या विषयावर विद्यार्थ्यांना लिहावयास सांगितले असता बहुसंख्य विद्यार्थी शिर्डी आणि शनिशिंगणापूर यांवर लिहितात. काही भंडारदऱ्यावर लिहितात. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या वसाहतीचे अवशेष असलेले दायमाबाद हे आपल्याच तालुक्यात आहे, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते त्यांनी ते स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेले असते.

हा दोष विद्यार्थ्यांचा मानून मोकळे होणे सोपे आहे. परंतु विद्यार्थी स्थळ पाहतो तो कोणीतरी त्याला दिलेल्या शब्दांतून. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की, प्रवराकाठाविषयी आपल्याजवळ कोणते शब्द आहेत? ते कोणी लिहिले? आणि त्या शब्दांनी पाहणाऱ्याला काय दाखविले व काय झाकले? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

इंग्लंडचे खेडे : आदर्श आणि त्यावरील टीका

ग्रामीण वारशाचा विषय निघाला की इंग्लंडचे उदाहरण दिले जाते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ (१९६०) पासून मराठी प्रवासवर्णनांनी इंग्लंड मराठी वाचकाच्या परिचयाचे केले, आणि जुने जपून ठेवणारा देश अशी त्याची प्रतिमा आपल्या मनात रुजली. या प्रतिमेत तथ्य आहे. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्स्ली यांनी १८९५ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेची स्थापना केली. वर्ड्‌स्वर्थ या कवीचे ग्रासमियर गावातील छोटे घर त्यापूर्वीच, १८९१ मध्ये, लोकांना पाहण्यासाठी खुले झाले होते. पुढे जमीनदारांचे वाडे, बागा, समुद्रकिनारे आणि साधी शेतघरे यांचेही जतन झाले.

मात्र मराठी लेखनात या कौतुकाची दुसरी बाजू सहसा येत नाही. जतन केलेल्या खेड्यावर सर्वांत कठोर टीका इंग्लंडमधील विचारवंतांनीच केली. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात असे दाखविले की, इंग्रजी साहित्यातील रम्य खेडे हे ते खेडे कसणाऱ्या मजुराला दृष्टीआड ठेवून उभे राहिले आहे. रॉबर्ट ह्यूइसन यांनी ‘द हेरिटेज इंडस्ट्री’ (१९८७) मध्ये, कारखाने बंद पडत असताना देश भूतकाळाचेच उत्पादन करू लागला आहे, अशी चिंता मांडली. याउलट राफेल सॅम्युअल यांनी ‘थिएटर्स ऑफ मेमरी’ (१९९४) मध्ये सामान्य माणसांच्या वारशाविषयीच्या ओढीची बाजू घेतली; ही ओढ वरून लादलेली नसून तिच्यात लोकांची स्वतःची स्मृती बोलते, असे त्यांचे म्हणणे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध करून आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचा वसाहतवादाशी व गुलामगिरीशी असलेला संबंध नोंदविला. त्यावर तेथे मोठा वाद झाला.

आपल्याला इंग्लंडकडून घ्यावयाचे असेल तर ते केवळ कुंपण, तिकीट आणि हिरवळ एवढेच नव्हे. आपल्याच वारशाची परीक्षा करण्याची ही सवयही घ्यावयास हवी.

गॅझेटियर : नोंदीची दृष्टी

आपल्या जिल्ह्याचे पहिले विस्तृत वर्णन १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सतराव्या खंडात मिळते. त्याची सुधारित आवृत्ती राज्य शासनाने १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. जमीन, पिके, जाती, व्यापार, महसूल, इतिहास आणि शेवटी वर्णानुक्रमे गावे, अशी जुन्या गॅझेटियरची रचना आहे. आजही परिसराचा अभ्यास करणारा प्रत्येक जण तेथूनच सुरुवात करतो; करावयासही हवी. त्यातील बारकावा आणि मेहनत यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

तथापि ही दृष्टी प्रशासकाची आहे. गावांची वर्णानुक्रमे मांडणी केली की नदी नाहीशी होते. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते, अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर व नेवासे या तालुक्यांतून वाहते आणि टोके येथे गोदावरीला मिळते. या एकाच धाग्यावर रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, ज्या गावाच्या नावाने एक संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते ते जोर्वे, दायमाबाद, नेवासे आणि संगमावरील सिद्धेश्वर मंदिर अशी स्थळे ओवलेली आहेत. वर्णानुक्रमात ती विखुरतात. प्रत्येक स्थळ सुटे होते, आणि सुटे स्थळ हे ‘पाहून झाले’ असे म्हणण्याजोगे होते. आपल्या पर्यटन नकाशांवर आजही हीच विखुरलेली मांडणी दिसते. तिचे मूळ या नोंदीच्या पद्धतीत आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उत्खनन अहवाल : ज्ञान आणि त्याचा वाचक

दायमाबाद हे स्थळ १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी शोधले. त्यानंतर म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी वेगवेगळ्या वर्षी तेथे उत्खनन केले. साळी यांचा अहवाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक तेथे आढळले. सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्राही मिळाल्या. सिंधू संस्कृतीचे लोण दक्षिणेकडे कोठवर आले होते, या प्रश्नाच्या चर्चेत म्हणूनच या गावाचे नाव टाळता येत नाही.

१९७४ मध्ये येथील एका रहिवाशाला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझ शिल्पे सापडली : बैलजोडी जुंपलेला व सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. उत्खननकर्त्यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली, डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाच्या आधारे, विशेषतः त्यातील आर्सेनिकच्या प्रमाणावरून, ती बरीच नंतरची असावीत अशी शंका घेतली.

हा मतभेद हीच खरे तर या स्थळाची सर्वांत आकर्षक बाब आहे. धातूतील एका मूलद्रव्याच्या प्रमाणावरून दोन हजार वर्षांचा प्रश्न उभा राहतो, यासारखा धडा रसायनशास्त्र, इतिहास आणि तर्कशास्त्र या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना अन्यत्र क्वचितच मिळेल. परंतु अहवाल इंग्रजीत आहे, परिभाषेत आहे, आणि त्याचा वाचक दुसरा पुरातत्त्वज्ञ आहे. शिल्पे महानगरातील संग्रहालयात काचेआड आहेत. गावात उरते ती नदीकाठची चढउताराची जमीन आणि पावसाने उघडी पडलेली खापरे. विद्यार्थ्यांसह तेथे गेले असता पहिला प्रश्न येतो तो ‘सर, येथे पाहायचे काय?’ हा. हा प्रश्न प्रामाणिक आहे. जोर्वे काळात लहान मुलांना मातीच्या कुंभांत घालून घराच्याच जमिनीखाली पुरत असत, हे सांगितल्यावर तीच मुले शांत होतात आणि पायांखाली पाहू लागतात. जमीन तीच असते. बदललेली असते ती माहिती. येथे वास्तूची उणीव नाही, तर मधल्या लेखनाची उणीव आहे.

‘पैस’ : एका खांबाचे तीन थर

हे मधले लेखन कसे असू शकते याचा एक श्रेष्ठ नमुना याच परिसराने मराठीला दिला आहे. नेवासे येथील ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे, त्या खांबावरून दुर्गा भागवत यांच्या ‘पैस’ (१९७०) या निबंधसंग्रहाला नाव मिळाले. १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार या संग्रहास लाभला.

या खांबाला किमान तीन थर आहेत. पहिला कोरीव लेखाचा : करवीरेश्वर या देवस्थानातील दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद खांबावर आहे. म्हणजे मूलतः हा दानलेखाचा दगड होय. दुसरा थर परंपरेचा : शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशास पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीशी वारकरी संप्रदायाने त्याचे नाते जोडले. तिसरा थर साहित्याचा : ‘पैस’ म्हणजे ऐसपैस अवकाश, या शब्दाच्या आश्रयाने दुर्गाबाईंनी एका दगडाला चिंतनाचे रूप दिले. त्यांच्या लेखनात अभ्यास आणि श्रद्धेविषयीचा आदर हे परस्परांच्या आड येत नाहीत. स्थळाविषयी लिहिताना हे संतुलन दुर्मिळ आहे.

याच नेवाशात हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून उत्खनन करून अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचा क्रम उलगडला, आणि १९६० मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका गावात अश्मयुगीन हत्यारे, ताम्रपाषाणयुगीन घरे, सातवाहनकालीन थर, ज्ञानेश्वरी आणि मोहिनीराजाचे मंदिर एकत्र यावीत ही असामान्य गोष्ट होय. असे असूनही भाविक खांबापाशी येतो, उत्खननाचा अभ्यासक लाडमोड टेकडीपाशी येतो, आणि ‘पैस’चा वाचक अनेकदा कोठेच येत नाही. तिघांची भेट होत नाही.

‘पैस’ची मर्यादाही येथे नोंदवावयास हवी. ते एका व्यासंगी व्यक्तीचे एकान्तातील पाहणे आहे. त्यामागचे वाचन सर्वांना उपलब्ध नसते. त्यामुळे त्याचे अनुकरण करू जाणारे लेखन बहुधा भावविवशतेकडे झुकते. दुर्गाबाईंकडून शिकावयाचे ते त्यांचे शब्द नव्हेत, तर दगडाला आधी प्रश्न विचारण्याची त्यांची रीत.

माहितीपत्रक : विशेषणांचे राज्य

चौथा लेखनप्रकार सर्वांत अधिक वाचला जातो आणि त्याची समीक्षा सर्वांत कमी होते. पर्यटन माहितीपत्रकांची भाषा ठरलेली आहे. धबधबा ‘नयनरम्य’ असतो, मंदिर ‘पुरातन’ व ‘हेमाडपंती’ असते, देवस्थान ‘जागृत’ असते, आणि शेवटी अंतर किलोमीटरमध्ये दिलेले असते. ‘हेमाडपंती’ या एका शब्दाखाली यादवकालीन आणि त्याआधीच्याही अनेक शैली सरसकट ढकलल्या जातात. अशा भाषेत रतनवाडीचे अमृतेश्वर आणि टोक्याचे सिद्धेश्वर यांत भेदच उरत नाही. वस्तुतः पहिले प्राचीन मंदिरशैलीतील असून दुसरे मराठा काळातील आहे, आणि दोहोंच्या शिल्पांची भाषा अगदी निराळी आहे.

माहितीपत्रकाचा दुसरा दोष असा की, ते येणाऱ्याला केवळ ‘येणारा’ समजते. शिर्डी आणि शनिशिंगणापूर यांच्या दरम्यान रोज असंख्य वाहने धावतात. नेवासे त्या वाटेपासून फार दूर नाही. परंतु यात्रेकरूच्या हाती जो कागद पडतो त्यात दर्शनाच्या वेळा असतात, प्रदेश नसतो. दर्शन आणि पाहणे या दोन क्रियांत विरोध असण्याचे कारण नाही. वारकऱ्याला वाटेवरचे प्रत्येक गाव ठाऊक असते. वाहनातून येणाऱ्या भाविकाला मात्र दोन देवस्थानांमधला मुलूख रिकामा वाटतो.

गर्दी झाली म्हणजे वारसा टिकला असेही नाही. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी होणारी गर्दी हे त्याचे उदाहरण होय. वाहनांचे दिवे आणि विजेऱ्यांचे झोत यांत काजव्याचा प्रकाश, म्हणजे त्याचे मीलनासाठीचे संकेत, हरवून जातात. पाहण्याच्या हौसेने पाहण्याची वस्तूच संपावी हा धोका तेथे प्रत्यक्ष आहे.

हरेगाव : अलिखित वारसा

आतापर्यंत जे लिहिले गेले त्याचा विचार केला. आता जे पुरेसे लिहिले गेले नाही त्याकडे वळावयास हवे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी या कोरडवाहू मुलखाचे रूप पालटले. याच काळात बेलापूर कंपनीने हरेगाव येथे साखर कारखाना उभारला. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या. स्वातंत्र्योत्तर काळात जमीनधारणा कायद्यानंतर त्या जमिनी राज्य शेती महामंडळाकडे गेल्या, आणि त्या परत मिळविण्यासाठी खंडकरी शेतकऱ्यांनी कित्येक दशके लढा दिला. चालू शतकाच्या दुसऱ्या दशकात जमिनी परत मिळू लागल्या तेव्हा मूळ खंडकरी बहुतांशी हयात नव्हते. दुसऱ्या बाजूस, १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली ही घटना खासगी साखरेच्या या इतिहासाशेजारी ठेवूनच वाचावी लागते. हरेगावचीच आणखी एक ओळख म्हणजे दर सप्टेंबरमध्ये भरणारी मतमाउलीची यात्रा. ख्रिस्ती भाविकांबरोबर इतर धर्मांचे लोकही तेथे येतात.

इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवरील १७७९ च्या लोखंडी पुलाभोवतीचा भट्ट्या, खाणी व कामगारवस्त्या यांचा परिसर वारसा म्हणून जपला गेला आणि १९८६ मध्ये तो जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. तेथे यंत्राला आणि मजुराला वारशात स्थान मिळाले. आपल्याकडे मात्र ‘वारसा’ म्हटले की मंदिर, किल्ला किंवा वाडा एवढेच डोळ्यांसमोर येते. कालव्याचे दार, पाटकऱ्याची पाणीपाळी, उसाची तोड, कंपनीची चाळ आणि खंडाचा करारनामा यांना आपण वारसा म्हणत नाही. विल्यम्स यांनी इंग्रजी खेड्याविषयी जे दाखविले तेच येथेही लागू पडते : ज्यांच्या श्रमाने हा हिरवा प्रदेश घडला, तेच त्याच्या चित्रातून वगळले जातात.

या इतिहासाचा एक परिणाम वारसा-संरक्षणावरही होतो आणि त्याची दखल घेणे आवश्यक आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या सभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र बांधकामास प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. नियमामागचा हेतू योग्य आहे. परंतु ज्या मुलखाने एकदा खंडाने दिलेली जमीन परत मिळण्याची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, तेथे ‘जुने सापडले’ या शब्दांनी शेतकऱ्याच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. शेतात खापर दिसले तर तो ते दाखविण्याऐवजी नांगराखाली घालील. त्याला अडाणी ठरविणे हा अन्याय होय. वारशातून आपल्याला काय मिळणार, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेलेच नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. गॅझेटियरने प्रवराकाठाची नोंद केली, पण नदीचा धागा तोडला. उत्खनन अहवालाने ज्ञान दिले, पण ते गावापर्यंत पोहोचले नाही. ‘पैस’ने दृष्टी दिली, पण ती एकान्ताची राहिली. माहितीपत्रकाने माणसे आणली, पण त्यांच्या हाती विशेषणांखेरीज काही ठेवले नाही. हरेगावचा वारसा तर अजून पूर्णपणे लिहावयाचाच आहे.

यावर उपाय म्हणून मोठ्या योजनांची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रवरेच्या काठावर महाविद्यालयांची संख्या मोठी आहे आणि काही कामे महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहेत. दायमाबाद व नेवासे येथील अहवालांचा सुबोध मराठी सारांश, ब्राँझ शिल्पांच्या काळाविषयीच्या मतभेदासह, तयार करता येईल. शिल्पांच्या प्रतिकृती गावातील शाळेत ठेवता येतील. मूळ वस्तू दूर असल्या तरी आपल्या गावाचे नाव ज्यामुळे जगाला ठाऊक झाले ती गोष्ट कशी होती, हे तेथील मुलांनी पाहावयास हवे. खंडकरी कुटुंबांच्या आठवणी आणि साखर कामगारांची शब्दसंपत्ती मराठी, इतिहास व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन नोंदविता येईल. ही कामे पुढे ढकलण्यासारखी नाहीत, कारण कारखान्याची भोंग्याची वेळ ज्यांना आठवते ती माणसे आता वृद्ध आहेत.

यातून किती पर्यटक येतील हा प्रश्न दुय्यम आहे. या मातीतील विद्यार्थ्याने ‘आमच्याकडे जुने असे काही नाही’ हे वाक्य पुन्हा लिहू नये, एवढे साधले तरी पुरे. कारण ज्याला आपल्या पायांखालच्या जमिनीविषयी काही सांगता येत नाही, तो ती जपण्याची जबाबदारीही दुसऱ्यावरच सोपवितो. आणि ती जबाबदारी घेण्यास दुसरे कोणी येणार नाही.